बागुलबुवा घरातलाच: बालपणीच्या जखमांवरचे हॉरर गेम पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

लहानपणी आपल्याला ज्या बुवाची भीती घातली जायची, तो कायम दाराबाहेर असायचा. झोप लवकर, नाहीतर बुवा येईल. मी ज्या गेमबद्दल लिहितेय, त्यांतला बुवा बाहेरून येत नाही. तो घरातच राहतो. जिन्यावरची त्याची पावलं ओळखीची असतात. ते मूल मोठं होतं तेव्हा बाकी सगळं त्याला आठवत असतं, फक्त त्या पावलांचा चेहरा आठवत नाही. गेमभर आपण तो चेहरा शोधत असतो.

या गेमकडे बहुतेक जण चुकीच्या वाटेने येतात. कुणीतरी हेडफोन लावून किंचाळतंय अशी क्लिप बघतात, मित्राशी पैज लावतात आणि रात्री दोनला सर्वात भयंकर म्हणून गाजलेला गेम सुरू करतात. पंधरा मिनिटांत कंटाळा तरी येतो, नाहीतर जीव घाबरा होतो. दोन्ही प्रकारांत गेम हातचा जातो. म्हणून थोडं क्रमाने जाऊ.

पायरी 1: सुरुवात छोट्या गेमने करा

माझ्या मते पहिला गेम ‘अमंग द स्लीप’ असावा. नॉर्वेच्या क्रिलबाइट स्टुडिओने तो 2014 मध्ये आणला. एका सुट्टीच्या दुपारी संपतो. यात तुम्ही दोन वर्षांचं मूल असता. हातात बंदूक नाही की टॉर्च नाही, फक्त एक टेडी. अंधारात त्याला घट्ट कवटाळलं की अंधुक उजेड पडतो, तेवढाच.

या गेमने मला हा सगळा प्रकार समजावला, तोही एकही वाक्य न बोलता. दाराची कडी तुमच्या हाताला पुरत नाही. मग खुर्ची शोधायची, ती ढकलत दारापर्यंत आणायची, वर चढायचं. कपाटाचे खण एकेक करून बाहेर ओढायचे आणि त्यांच्या पायऱ्या करायच्या. उभं राहून धावलात की तोल जातो, त्यापेक्षा रांगणं बरं पडतं. स्क्रीनवरचं सगळं घर तुमच्यापेक्षा मोठं आहे. मोठ्या माणसाच्या रागासमोर मूल किती लहान असतं, हे मी वाचलं होतं, ऐकलंही होतं. कळलं ते ती खुर्ची ओढताना.

खेळताना बाटल्यांवर लक्ष ठेवा. त्या कुठे पडल्यात, फुटल्यावर काय होतं, आवाजाने कोण जागं होतं. याहून जास्त सांगत नाही.

पायरी 2: आधी विचारा, मग गेम द्या

ही पायरी मी चूक करून शिकले. माझ्या एका मैत्रिणीला मी हाच गेम मोठ्या उत्साहाने खेळायला बसवलं. शेजारी बसून तिची प्रतिक्रिया बघायची होती मला. तासाभराने तिने कंट्रोलर गादीवर ठेवला, उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ आत आली नाही. तिचे वडील प्यायचे. दहा वर्षांच्या मैत्रीत आम्ही या विषयावर कधी बोललो नव्हतो, आणि मी तिला न विचारता त्या घरात नेऊन सोडलं होतं.

तेव्हापासून मी कुणालाही गेम सुचवताना त्यात काय आहे हे आधी सांगते. दारू, मारहाण, लैंगिक अत्याचार, आत्महत्या, भावंडाचा मृत्यू, जे असेल ते. ‘स्पॉयलर होईल’ या भीतीने हे लपवू नका. विषय सांगितल्याने गोष्ट फुटत नाही. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर प्रौढांसाठीच्या मजकुराचं वर्णन दिलेलं असतं, ते वाचायला दोन मिनिटं लागतात. ‘ओमोरी’सारख्या गेममध्ये नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे उल्लेख असल्याची सूचना दिलेली आहे. ती सूचना मनापासून दिलेली आहे, तशीच घ्या.

दुसरं म्हणजे चित्रांवर जाऊ नका. ‘ओमोरी’ची चित्रं वहीत रंगीत पेन्सिलीने काढल्यासारखी आहेत. ‘फ्रॅन बो’मध्ये एक लहान मुलगी आणि तिची मांजर आहे. ‘द बाइंडिंग ऑफ आयझॅक’मधलं मूल डोळ्यांतल्या अश्रूंनी शत्रूंवर मारा करतं, आणि ते दिसतं अगदी गोंडस. घरातल्या नववीतल्या भाच्याला ‘कार्टूनच आहे की’ म्हणून यातलं काहीही एकट्याने खेळायला देऊ नका.

पायरी 3: बसायची तयारी

हेडफोन घ्या, कारण या गेममध्ये अर्धी गोष्ट आवाजात असते. ब्राइटनेस गेम सांगेल तसा लावा. फार काळोख दिसत असेल तर थोडा वाढवा, त्याने काही बिघडत नाही. दिवसा खेळलात तरी चालतं. एका बैठकीत तास-दीड तास पुरे.

लढाईची काठिण्यपातळी हलकी ठेवा, हे मी आग्रहाने सांगते. ‘सायलेंट हिल 2’मध्ये लढाई आणि कोडी यांची पातळी वेगवेगळी निवडता येते. लढाई सोपी करा, कोडी मधली ठेवा. एकाच कॉरिडॉरमध्ये आठ वेळा मेलात की तो कॉरिडॉर भीतिदायक राहत नाही, नुसता वैताग होतो आणि भिंतीवर काय लिहिलंय ते वाचायचं राहून जातं.

वॉकथ्रू, म्हणजे गेम कसा सोडवायचा हे सांगणारा मजकूर, अडलात तरच उघडा, आणि तेवढीच ओळ वाचून बंद करा.

पायरी 4: धावू नका, वस्तू बघा

आता मोठ्या गेमकडे. ‘सायलेंट हिल 2’ कोनामीने 2001 मध्ये प्लेस्टेशन 2 वर आणला. पोलंडच्या ब्लूबर टीमने त्याचा रिमेक केला, तो ऑक्टोबर 2024 मध्ये आला. नव्याने सुरू करणाऱ्याने रिमेक घ्यावा. जेम्स सुंदरलँड नावाच्या माणसाला त्याच्या बायकोचं पत्र येतं, ‘आपल्या त्या खास जागी मी तुझी वाट बघतेय’ अशा अर्थाचं. बायको तर तीन वर्षांपूर्वी आजाराने गेली, असं तो सांगतो. धुक्यात बुडालेल्या त्या गावात तो तिला शोधायला येतो. जेम्सला काय आठवत नाही, ते मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला ते त्याच्याबरोबरच कळलं पाहिजे.

त्याच गावात भेटणाऱ्या अँजेलाबद्दल मात्र लिहायलाच हवं. तिच्याविषयी काहीच वाचायचं नसेल, तर थेट सहाव्या पायरीवर जा.

अँजेला आपल्याला कब्रस्तानात भेटते. विशीच्या उंबरठ्यावरची, अंगभर कपडे, नजर खाली. ती आईला शोधतेय. पुढे एका रिकाम्या इमारतीत ती आरशासमोर जमिनीवर पडलेली दिसते, हातात सुरी. जेम्स तिच्याशी हळू आवाजात बोलतो. ती थोडी सावरते, आणि आपलाच भरवसा वाटत नाही म्हणून सुरी त्याला द्यायला तयार होते. तो घ्यायला एक पाऊल पुढे टाकतो, आणि त्या एका पावलासरशी ती सुरी त्याच्यावर रोखून मागे सरकते. मग तिच्या तोंडून जे येतं ते मोठ्या माणसाचं बोलणं नसतं. माफी मागतेय, मी वाईट वागले म्हणतेय, नको म्हणून विनवतेय. सुरी टेबलावर ठेवते आणि निघून जाते.

मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा ‘बिचारी घाबरली’ एवढंच वाटलं. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा ऐकू आलं की ती जेम्सशी बोलतच नाहीये. त्याच्या जागी तिला दुसराच माणूस दिसतोय, आणि तिचं वय एकदम सात-आठ झालंय. ‘अत्याचार’ हा शब्दही न उच्चारता गेमने सगळं सांगितलं. एक माणूस एक पाऊल पुढे आला आणि ती कशी दचकली, एवढंच दाखवलं. लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या कुणालाही हे दचकणं ओळखू येईल.

ती सुरी आता तुमच्याजवळ असते. सामानाच्या यादीत जाऊन तुम्ही ती उघडून बघता की नाही, याची नोंद गेम ठेवतो. बायकोचा फोटो आणि पत्र पाहता का, जखमी झाल्यावर स्वतःवर लगेच उपचार करता का, हेसुद्धा. गोष्टीचा शेवट कोणत्या दिशेला झुकणार, ते अशा बारीक गोष्टींवर ठरतं. खेळणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, पण तो कशाकडे पुन्हा पुन्हा वळतो हे कुणीतरी पाहत असतं. मनाचं काम याहून बरोबर पकडणारी युक्ती मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेली नाही.

म्हणून वस्तू बघत चला. खोलीत शिरलात की आधी भिंती, मग पलंग, मग कपाट. मुलांनी काढलेली चित्रं दिसली तर जवळ जाऊन पाहा: घर केवढं काढलंय, माणसं किती आहेत, कुणाला हात काढलेले नाहीत.

पायरी 5: राक्षस दिसला की विचारा, हा कुणाचा?

नवे खेळाडू विचारतात, हा मरतो कसा? त्याआधी विचारा, हा कुणाला दिसतो?

‘सायलेंट हिल 2’मध्ये लॉरा नावाची आठ वर्षांची मुलगी त्याच गावात एकटी हिंडत असते, आणि तिला काहीच होत नाही. जेम्स जिथे लोखंडी पाइप हातात घट्ट धरून चालतो, तिथे ती निवांत बागडते. तिला तिथे राक्षस दिसतच नाहीत. अँजेलाच्या डोळ्यांसमोर आग आहे. पुढे एका जळत्या जिन्यावर जेम्स म्हणतो, इथे फार उकडतंय. ती म्हणते, तुलाही दिसतंय? माझ्यासाठी हे कायम असंच असतं. गाव एकच, पण ज्याचा त्याचा नरक वेगळा. हे लक्षात आलं की पुढचा प्रत्येक राक्षस तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

दुसरा प्रश्न, तो कुठे भेटतो? जिन्यात, न्हाणीघरात, की आईवडिलांच्या खोलीत? या गेममध्ये जागा सहसा उगीच निवडलेली नसते. तिसरा प्रश्न, तो कशासारखा वागतो? ‘लिटल नाइटमेअर्स’मधली मोठी माणसं बघा. तो स्वीडनच्या टार्सियर स्टुडिओजचा, 2017 चा. पिवळा रेनकोट घातलेली सिक्स त्यांच्या घोट्याएवढी आहे, आणि ती माणसं खात सुटलेली, हावरी, आंधळेपणाने चाचपडणारी आहेत. भुकेल्या, लपलेल्या मुलाला मोठी माणसं तशीच दिसतात.

एक सांभाळा. सगळ्याचाच ‘अर्थ’ लावत बसू नका. कधी दार म्हणजे नुसतं दार असतं. इंटरनेटवर प्रत्येक डागाचं प्रतीक शोधून देणारे तासतासभराचे व्हिडिओ आहेत, ते गेम संपवल्यावर बघा.

पायरी 6: आठवण परत कशी येते, ते पाहा आणि तिथेच थोडं सावध व्हा

आठवण हरवण्याची आणि सापडण्याची तऱ्हा दरेक गेममध्ये निराळी असते, आणि मला सर्वात जास्त रस त्यातच आहे.

‘अम्नेशिया: द डार्क डिसेंट’ हा 2010 चा गेम, स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा. 1839 साल, ब्रेननबर्गचा किल्ला, आणि डॅनिएल जमिनीवर शुद्धीवर येतो. थोड्याच वेळात त्याला त्याच्याच हातची चिठ्ठी सापडते: मी स्वतःहून विसरायचं ठरवलं. इथे आठवण कुणी हिरावून घेतलेली नाही, माणसाने स्वतःच औषध पिऊन ती पुसली आहे. यात बालपण नाही, तरी हा गेम खेळा, कारण ‘विसरणं ही सुटका की शिक्षा’ हा प्रश्न इतका थेट कुणी मांडलेला नाही.

‘अ‍ॅलिस: मॅडनेस रिटर्न्स’ (2011) मध्ये घराला लागलेल्या आगीतून एकटी वाचलेली मुलगी आहे, आणि ‘विसरून जा’ असं तिला सतत सांगणारा एक डॉक्टर. आठवणींचे तुकडे तुम्हाला वाटेत वेचावे लागतात. कुणाच्या भल्यासाठी तिने विसरावं, हे ते तुकडे जुळल्यावर कळतं. ‘सायलेंट हिल: शॅटर्ड मेमरीज’ (2009) तर एका समुपदेशकाच्या खोलीत सुरू होतो. तो तुम्हाला खडूने एका कुटुंबाच्या घराचं चित्र रंगवायला देतो. तुम्ही घराला जो रंग देता, पुढे गोष्टीतलं घर त्याच रंगाचं असतं. हा गेम आता मिळायला कठीण आहे, पण कुणाकडे निन्टेंडोचा जुना वी कन्सोल पडला असेल तर मागून घ्या.

आता सावध का व्हायचं? या गेममध्ये दडपलेली आठवण एखाद्या बंद खोलीसारखी असते. किल्ली मिळते, दार उघडतं, आत सगळं जसंच्या तसं असतं. गोष्टीसाठी ही मांडणी उत्तम आहे. खरी स्मृती मात्र अशी कुलुपात राहत नाही. आपण आठवतो तेव्हा दर वेळी ती थोडी नव्याने रचली जाते. 1995 मध्ये अमेरिकेतल्या एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी 24 जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. पाचेक वर्षांचा असताना तू मॉलमध्ये हरवला होतास, अशी न घडलेली गोष्ट घरच्यांच्या नावाने त्यांना सांगितली. सुमारे पाव लोकांना ती पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवली’. कॅलिफोर्नियातलं मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण 1983 मध्ये सुरू झालं आणि 1990 मध्ये कुणालाही दोषी न ठरवता संपलं. मुलांना पुन्हा पुन्हा, उत्तर सुचवणाऱ्या पद्धतीने प्रश्न विचारले गेले होते, आणि त्यातून काय उभं राहतं हे जगाने पाहिलं.

याचा अर्थ आघात विसरला जात नाही किंवा उशिरा बोलणारी माणसं खोटं बोलतात, असा अजिबात नाही. आघातानंतर एखादा काळ आठवेनासा होतो, याला मानसशास्त्रात मान्य निदान आहे. पण दडपलेली आठवण वर्षांनी अख्खी वर येते का, यावरचा वाद मिटलेला नाही. आणि खूप जणांचं दुःख नेमकं उलटं असतं: विसरायचं असतं, विसरता येत नाही. काही जण विसरलेले नसतात, फक्त सांगितलेलं नसतं. ‘घरातली गोष्ट घरातच’ या तीन शब्दांखाली किती काय पुरलेलं असतं, ते आपण सगळे जाणतो.

म्हणून गेम खेळून झाल्यावर ‘माझ्याही आत अशी खोली असेल का’ म्हणून स्वतःला खणत बसू नका. काही खरंच वर आलं, तर त्याचा अर्थ एकट्याने लावू नका, आणि यूट्यूबवरच्या संमोहनाच्या व्हिडिओवर तर मुळीच सोपवू नका. प्रशिक्षित माणसाकडे जा.

पायरी 7: कधी थांबायचं

भीतीने छाती धडधडणं वेगळं आणि हात बधिर होणं वेगळं. खोली दूर गेल्यासारखी वाटली, आवाज ऐकू येऊनही कळेनासे झाले, रडू येतंय पण कशाचं ते उमगत नाही, तर पॉज करा. सेव्ह पॉइंटची वाट बघू नका. दिवा लावा, पाय जमिनीवर टेका, गार पाण्याने तोंड धुवा, घरात कुणी असेल तर त्यांच्याशी भाजीबद्दल बोला, कशाबद्दलही बोला. गेम अर्धवट सोडणं हा पराभव नव्हे.

झोप उडाली, किंवा जुनं काही डोळ्यांसमोरून हलेना, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आत्ता, या घडीला एखादं मूल त्रासात आहे असं कळलं, तर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098. दोन्ही क्रमांक फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, गेम खेळणार असाल किंवा नसाल.

पायरी 8: पुढचा गेम, आणि सोबत

‘अमंग द स्लीप’ आणि ‘सायलेंट हिल 2’नंतर ‘हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस’ (2017) घ्या, हेडफोन लावूनच. सेनुआच्या कानात बोलणारे आवाज तुमच्या डोक्याभोवती फिरतात. निंजा थिअरीने हा गेम करताना केंब्रिजचे मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांचा सल्ला घेतला आणि सायकोसिस (वास्तवाशी नातं तुटण्याची मानसिक अवस्था) स्वतः अनुभवलेल्या लोकांशी बोलून ते आवाज घडवले. तिच्या आयुष्यातला काळोख बापाकडून आलेला आहे, हे हळूहळू उलगडतं. त्यानंतर ‘ओमोरी’. तो लांब आहे, मध्ये मध्ये रेंगाळतो, पण धीर धरा.

शक्य असेल तर कुणाबरोबर खेळा. एकाच्या हातात कंट्रोलर, दुसऱ्याच्या हातात वही. काय दिसलं ते लिहायचं, अर्थ नंतर.

त्या मैत्रिणीने वर्षभराने स्वतःहून ‘अमंग द स्लीप’ मागितला. रविवारी सकाळी, पडदे उघडे ठेवून खेळलो. या वेळी मी गप्प बसले होते. खुर्ची ढकलत दारापर्यंत नेतानाच्या जागी ती थांबली. म्हणाली, आमच्याकडे स्टूल होतं. निळं, प्लॅस्टिकचं. मी त्यावर चढून आतून कडी लावायचे. मग तिने खुर्ची पुढे सरकवली आणि दार उघडलं.